नवस चालण्याचा

हॉटेलच्या काउंटरपुढे नणंद-भावजय चिखलाने माखलेल्या बुटांनी उभ्या होत्या. त्यांच्या मागे मुक्कामाला आलेला एक पोस्टमन खोलीच्या किल्लीची वाट बघत ऐकत होता.

"वहिनी, पायी यात्रेला निघालो आणि रोज गादीवर लोळतोय."

"नवस चालण्याचा बोलले होते. झोपण्याचा नाही."

"आणि मघाची गाडी?"

"चालणं थांबवलं तिथे खुणेचा दगड ठेवलाय. सकाळी गाडी तिथेच सोडेल. मी दहा पावलं मागूनच सुरुवात करते."

"गरम पाणी, मऊ उशी. दादाला कळलं तर काय म्हणेल?"

"म्हणू देत. दोन महिने झाले, डोळे उघडले नाहीत त्यांनी. एकदा उठून ओरडले ना माझ्यावर, की पुन्हा पहिल्यापासून चालते. फरशीवर झोपत."

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "उशा किती देऊ?"

"वहिनीला दोन द्या," नणंद म्हणाली.