भिंतीवरचा शेवटचा दिवा

वायरमन : काका, हो की नाही तेवढं सांगा. कधीचा शिडीवर लटकलोय.

नवरा : मग उतर. माझ्या भिंतीला भोक पाडायचं नाही.

बायको : अहो, सगळ्या गल्लीत दिवे लागले. आपल्याच भिंतीपाशी काळोख. दात पडल्यासारखं दिसतंय.

नवरा : दिसू दे. माझेही पडलेत.

वायरमन : काकू, मी खाली बाकावर बसतो. ठरलं की हाक मारा.

नवरा : बघ, बाकावर! पूर्वी तिथे फुटका कमोड पडलेला असायचा. कुणी बसत नव्हतं.

बायको : तुम्हाला तो कमोड बरा वाटत होता?

नवरा : निदान तो कुणाला गाणी म्हणून दाखवत नव्हता.

बायको : अस्सं. म्हणजे त्या दुरुस्तीच्या दुकानातल्या घड्याळवाल्यांवर राग आहे.

नवरा : ‘घड्याळवाल्यांवर’! परवापर्यंत ‘घड्याळवाला’ होता. आता आदरार्थी बहुवचन.

बायको : त्यांनीच सगळ्यांच्या मागे लागून कचरा उचलायला लावला. कुंड्या आणल्या, भिंत रंगवली...

नवरा : आणि भिंतीवर ‘सुरक्षीत गल्ली’ लिहिलं. दीर्घ! मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली आणि रोज खिडकीतून ती वेलांटी बघायची.

बायको : मग खाली जाऊन सांगा की. चार माणसांत मिसळाल तरी.

नवरा : मला कोण विचारतंय? तू मात्र काल बाकावर त्याच्या बोलण्याला केवढी हसलीस. इथपर्यंत ऐकू आलं. माझ्या विनोदाला कधी अशी हसली नाहीस.

बायको : तुम्ही विनोद केलात कधी?

नवरा : आत्ताच केला. कमोडचा.

बायको : विषय बदलू नका. आधी म्हणालात, उजेड डोळ्यांवर येतो. वायरमनने दिव्याला झाकण बसवलं. मग म्हणालात, भिंतीत पाणी मुरेल. खरं काय ते सांगा.

नवरा : काही नाही.

बायको : अहो.

नवरा : तुझा शिवणाचा कारखाना सुटायचा तेव्हा मी कोपऱ्यावर उभा असायचो. आठवतं ना?

बायको : बॅटरी घेऊन. आणि खोकायचात.

नवरा : अंधारात नुसता माणूस दिसला तर तू दचकशील म्हणून.

बायको : आमच्या पोरी म्हणायच्या, चला गं, बॅटरी आली. तुमच्यामागून सगळ्या रांगेने यायच्या.

नवरा : परवा पुन्हा गेलो होतो.

बायको : कुठे?

नवरा : कोपऱ्यावर. खोकलो. तू कारखान्यातून येताना त्या घड्याळवाल्याशी बोलत बोलत माझ्यासमोरून गेलीस. तोच वळला आणि म्हणाला, काका, सर्दी झाली का?

बायको : अगंबाई! मी पाहिलंच नाही तुम्हाला.

नवरा : एवढ्या लख्ख उजेडात. अंधारात बरोबर ओळखायचीस.

बायको : तुम्ही हाक का नाही मारलीत?

नवरा : हाक कधी मारावी लागली होती? म्हणून म्हणतो, आपल्या दारापुढचा एवढा तुकडा राहू दे तसाच. बाकी सगळी गल्ली त्याची झाली.

बायको : म्हणजे मी अंधाराला भ्यायचं आणि तुम्ही बॅटरी धरायची?

नवरा : असं म्हटलं की फार वाईट वाटतं.

बायको : वाईटच आहे ते. आणि मी नाही भीत आता. पण शेजारची धाकटी क्लासवरून येते ना, ती सगळी गल्ली चालत येते आणि आपल्या भिंतीपाशी आली की पळत सुटते.

नवरा : पळते? मला खिडकीत पावलं ऐकू येतात. वाटायचं, पोरीला घरी जायची घाई.

बायको : घाई कसली. तुमच्या त्या तुकड्यापुरतीच पळते.





नवरा : वायरमन! ए वायरमन! चढ वर.

वायरमन : आलो, काका. कुठे लावू?

नवरा : दारावर. थोडा बाकाकडे वळव.

बायको : बाकाकडे कशाला?

नवरा : कोण कुणाशी हसतंय, ते नीट दिसायला हवं.

बायको : खोड जायची नाही तुमची. ऐका, उद्या कारखाना सुटताना कोपऱ्यावर या.

नवरा : आता कशाला? आहे की उजेड.

बायको : असू दे. बॅटरी आणू नका. नुसते या आणि खोका.

नवरा : तो पुन्हा सर्दीचं विचारेल.

बायको : विचारू दे. मी वळले नाही, तर पुन्हा खोका.