ओट्यावरचा बिबट्या

हसा, हसा! गळ्यातला हा खिळ्यांचा पट्टा बघून हसताय ना? मलाबी हसू येतंय, पन मान वाकडी केली की खिळा टोचतोय, म्हनून आवरतीय. आमच्या राहुरीकडं ऊस लई, उसात बिबटे लई, त्यांनी मानंला धरू नये म्हनून रानात जाताना असा पट्टा घालायचा. त्या खऱ्या बिबट्यांना मी लांबूनच हात जोडते बाबा! पन ज्या बिबट्यापायी माझ्या गळ्यात ह्यो पट्टा आला ना, त्यो बिबट्या... तुमाला म्हनून सांगते, भाईर बोलू नका... त्यो बिबट्या कुठं जन्मालाच आला न्हाई!

आता पहिल्यापासून ऐका. माझी अश्विनी हाय, येकुलती येक, कृषीची डिग्री घेतलेली, नाकासमोर चालनारी... असं मला वाटत हुतं. तिला स्थळ आनलं आसारामनं. आसाराम म्हंजी आमच्याकडचा लग्नं जुळवनारा, तोंडात साखर आन् खिशात बायोडाटे! काय सांगू त्यो बायोडाटा! 'चि. अमृत, निर्व्यसनी, मनमिळाऊ, श्रीगोंद्याजवळ स्वतःचा प्रशस्त बंगला, पुढं बाग.' फोटोत पोरगं इतकं गोरं की दात कंचे आन् गाल कंचे कळंना. टीव्हीवरच्या मालिकेत बाई नथ घालून, लाली लावून झोपती, तवा आमी म्हन्तो, खोटारडे मेले! पन टीव्हीला बटन तरी असतंय हो, दाबलं की गप. बायोडाट्याला बटन कुठं असतंय?

गेलो घर बघायला. मी, आमचे कारभारी आन् अश्विनी. पायाखाली असली चकचकीत फरशी की मी चप्पल हातातच धरून बसले. मुलाचे वडील सहादेवराव सोफ्यावर टेकून, "या या, आपलंच घर समजा." त्येच्या मंडळी चहा करायला आत गेल्या आन् आतनं नुसते डबे उघडायचे आवाज. खाड्... खाड्... खाड्... शेवटी भाईर येऊन म्हन्त्यात कशा, "अहो, साखर कुठं ठेवतात?" सहादेवराव म्हने, "तिथंच आसंल की!" आता मला सांगा, ज्या बाईला आपल्या घरातली साखर गावत न्हाई, ती बाई कुनाच्या घरात उभी हाय? पन त्या येळंला माझं डोकं फरशीवर घसरल्यालं! मी म्हन्ले, मोठ्या लोकांत नोकर असत्यात, त्यांना म्हाईत.

आन् दारात येक कुत्रं बांधल्यालं. ते आमाला बघून गप पडून ऱ्हायलं, आन् सहादेवराव भाईर आले की भो भो भो भो, नुसतं साखळी तोडाया बघतंय! "नवीन माणसं आली की असंच करतं," सहादेवराव म्हनाले. आता नवीन मानसं आमी का ते? खोटं बोलावं हो मानसानं, पन आधी कुत्र्याला तरी इचारून घ्यावं!

येताना गाडीतच अश्विनी म्हनली, "आई, मी त्या घरात जानार न्हाई. ज्या घरातलं कुत्रं घरच्यांना वळखत न्हाई, त्या घरात मला कोन वळखनार?" मी म्हन्ले, गप बस! लगीन कुत्र्याशी करायचंय का? कारभारी तर असले चिडले, "पंचक्रोशीत असला बंगला न्हाई, साखरपुडा ठरला म्हंजी ठरला. रैवारी, आपल्या ओट्यावर!" पोरगी दोन दिस जेवली न्हाई. मी ताट घिऊन तिच्या मागं फिरत हुते, पन बंगला काय डोळ्यापुढनं हालंना.

आन् शुक्रवारी सकाळी गावच्या ग्रुपवर व्हिडिओ! आमचाच ओटा, आमचीच निळी टाकी, माझंच वाळत घातल्यालं लुगडं... आन् त्याच्या खाली बिबट्या! पाहुन्यावानी बसलाय, जांभई देतोय, शेपटी हालवतोय. मी तर दाताला दात लागून खालीच बसले. तासाभरात समदं गाव गोळा! शेजारची बनुबाई तर उसात जाऊन पावलाचे ठसे शोधून आली. ते आमच्याच मोत्या कुत्र्याचे, पन बनुबाईला कोन सांगनार? सरपंचानं फोन केला, वनखात्याची गाडी आली, खबरदारी म्हनून पिंजरा लागला. पिंजऱ्याच्या मागल्या खनात जाळीआड शेळी बांधायला पायजे. शेळी कुनाची? ज्येच्या ओट्यावर बिबट्या बसला त्येची! माझी मंगी गेली आत.

मागनं युट्यूबच्या बातम्यावाला आला. "छबूकाकू, तुम्ही बिबट्या पाहिला तेव्हा कशा घाबरलात ते दाखवा." मी म्हन्ले, अरे मी मोबाईलमधी बघितला. "चालतं काकू, घाबरा." घाबरले. "थांबा थांबा, मागून टेम्पो गेला, परत घाबरा. आणि पदर तोंडात घ्या." घेतला! आता तुमाला म्हनून सांगते, भाईर बोलू नका... चवथ्यांदा घाबरताना मला खरंच वाटाया लागलं की मी त्याला बघितलाय. मी म्हनून गेले, "ह्ये येवढी शेपटी! माझ्याकडं बघून गुरगुरला!" कशाला बोलले? पन समोर कॅमेरा असला की जीभ कुठं आपली ऱ्हाती हो?

सांजच्याला सहादेवरावांचा फोन. "आम्ही व्हिडिओ पाहिला. आमचा अमृत फार हळवा आहे हो, वाघरू पाहून त्याला ताप भरला. साखरपुडा जरा पुढं ढकलू." कारभाऱ्यांचं तोंड येवढुसं झालं. म्हनले, ते येत न्हाईत तर आपन जाऊ, समजूत घालू. अश्विनी म्हनली, माझं डोकं दुखतंय. मग दुसऱ्या दिशी आमी दोघंच गेलो, न सांगता, पेढे घिऊन.

फाटकातनं बघतो तर सोफ्यावर भलतंच कुनीतरी बसल्यालं. ते कुत्रं त्येच्या मांडीवर डोकं ठेवून लोळतंय! आन् आमचे सहादेवराव? चड्डी-बनियनवर बागंला पानी घालतायत! आमाला बघितलं आन् हातातला पाइप सुटला, पानी समदं त्येच्याच तोंडावर. सोफ्यावरचा मानूस म्हन्तोय, "सहादेव, कोण आलंय?" मालक पुन्याला ऱ्हात्यात, सुट्टीला आलते, आन् सहादेवराव बंगल्याचे राखनदार, नवेच लागल्याले, म्हनून कुत्रं वळखंना! आता राखनदारी काय वाईट हाय का हो? घाम गाळून खानारा मानूस! खरं सांगितलं असतं तर आमी तरीबी चहा पिलो असतो, बिनसाखरेचा! पन दुसऱ्याचा सोफा दाखवून माझी लेक न्यायला निघाले हुते!

कारभाऱ्यांनी पेढ्याचा बॉक्स उघडला, येक पेढा कुत्र्याला घातला आन् माघारी फिरले. म्हनले, "ह्या घरात ह्ये येकटंच खरं बोललं."

आन् मला काय झालं सांगू? घरी येईस्तोवर मी रडतीय का हासतीय मलाच कळंना! छातीवरचा दगडच उतरला. सुटली हो माझी पोरगी, सुटली! दारातच तिला मिठी मारली, म्हन्ले, अश्वे, त्या बिबट्याचे पाय धुऊन पानी पिते मी, त्यो आला म्हनून तू वाचलीस! तर पोरगी मुळुमुळू रडत म्हन्ती, "आई, पाय मिळायचे न्हाईत. त्यो मी मोबाईलवर बनवलाय. फोटो आपल्या ओट्याचा टाकला, बिबट्या अ‍ॅपनं दिला."

हात उचलला हुता मी, खोटं न्हाई सांगत. पन तिचं तोंड बघितलं... आमी ऐकलं न्हाई म्हनून बिचारीला बिबट्या आनावा लागला! उचलल्याला हात तसाच तिच्या डोक्यावरनं फिरवला.

आता घोळ असा की खरं सांगावं तर पोरीवर केस, गावात छीथू. आन् न सांगावं तर पिंजरा हालत न्हाई, कारन मीच बातम्यांत सांगून बसलेय, येवढी शेपटी म्हनून! तुमाला म्हनून सांगते, भाईर बोलू नका... मंगीचं मातुर बरं चाललंय. समदं गाव तिला घास-पाला घालतंय, पोरं फोटो काढत्यात, खाऊन खाऊन टम्म झालीय. ती आत निवांत रवंथ करती, आन् भाईर मी मोकळी बाई, गळ्यात खिळे घालून तिला पानी पाजतीय! पन पोरगी काल पोटभर जेवली, दोन भाकरी खाल्ल्या तिनं. मला अजून काय पायजे? घालीन पट्टा, काय मरत न्हाई मी...

थांबा थांबा, बनुबाई येतीय... व्हय गं बनुबाई! घातलाय की पट्टा! अगं काल परत आल्ता, चांगला म्हशीयेवढा!