नळ ओला की कोरडा

ताई : पुरे झालं तुझं निरखणं. सुटतंय की नाही ते सांग.

धाकटा : ताई, बारा वर्षं हॉटेलांतली बिअरची मशीनं खोलतोय मी. नळ मशीनला आवळून धरणारी असली हट्टी कडी नाही पाहिली. जागची हलायला तयार नाही.

भाऊजी : राहू दे ना मग. आपलं मशीन नळासकट विकू. घेणारा बघेल त्याचं तो.

धाकटा : भाऊजी, विकणं हे निमित्त आहे हो. ठरलंय काय आपलं? नळ खोलायचा. कोरडा निघाला तर आठ महिने तुम्ही थेंब घेतला नाही, हे खरं. ओला निघाला तर माझी बहीण आज माझ्याबरोबर येणार. बॅग दाराशी आहे.

भाऊजी : पाहिलीय मी बॅग.

ताई : बॅरल अर्धं भरलेलं आहे पण. याने सोडली तेव्हा होतं तेवढंच.

धाकटा : बॅरल बदलून आणता येतं गं. मागे यांनी बाटलीत चहाचं पाणी भरून ठेवलं होतं, तूच सांगितलंस ना?

भाऊजी : ती मागची गोष्ट झाली.

धाकटा : तुमची प्रत्येक गोष्ट मागचीच असते. नळाला मात्र सोंग आणता येत नाही. रोजच्या वापरातला असेल तर आत ओल असते. वापर थांबला की बिअरमधली साखर वाळून खडा होते.

ताई : नळाची दांडी चिकटलीय की. तेवढं पुरत नाही का?

धाकटा : दांडी काय, चार दिवसांतसुद्धा चिकटते. आतलं बघायला हवं. थांब, टॉर्च धर इकडे जरा.

ताई : काय झालं?

धाकटा : ओरखडे. कडीवर. पितळ बघ कसं चमकतंय. आठ महिन्यांचे असते तर काळे पडले असते. हे फार तर दोन महिन्यांचे.

ताई : तू हात लावला होतास?

भाऊजी : मला विचारतेस?

ताई : तुला विचारतेय मी. मशीनजवळ फिरकणार नाही म्हणून शपथ घेतली होतीस ना माझी?

भाऊजी : हात लावला होता. प्यायलो नाही.

धाकटा : घ्या! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. ताई, उचल बॅग.

ताई : तू गप्प बस जरा. कशाला लावला होतास हात?

भाऊजी : सांगितलं तर विश्वास बसेल तुझा?

ताई : नाही बसणार. तरी सांग.

भाऊजी : नको. याला खोलू दे. माझं तोंड बंद राहिलेलंच बरं.

धाकटा : किटलीभर पाणी उकळून आण, ताई. वाळलेली साखर गरम पाण्याशिवाय ऐकत नाही. बाहेरूनच ओतायचं, आत थेंब जात नाही.

(कडीभोवती फडकं गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओतलं जातं.)

धाकटा : आता हा पाना घालतो... थांबा, हे विचित्र आहे.

ताई : आता काय आणखी?

धाकटा : ओरखडे सगळे एकाच बाजूला ओढलेत. भाऊजी, पाइप पाना लावला होतात?

भाऊजी : माळ्यावरचा, मोठा.

धाकटा : आणि फिरवलात कुठे?

भाऊजी : डावीकडे. सगळं डावीकडेच सुटतं ना?

धाकटा : सगळं सुटतं, ही तेवढी सुटत नाही. ही मागच्या बाजूने बसवलेली असते, त्यामुळे समोरून उजवीकडे फिरवावी लागते. डावीकडे जोर लावाल तेवढी आवळत जाते. किती जोर लावलात?

भाऊजी : होता तेवढा सगळा.

ताई : मला कळेल असं बोल रे.

धाकटा : अगं, यांना नळ काढायचा होता. पिणारा नळ कशाला काढेल? तो बॅरल जोडतो आणि दांडी ओढतो.

ताई : आधी खोल.

धाकटा : हं... हं... सुटली.

ताई : आत काय आहे?

धाकटा : थांब, काडी घालून बघतो.

ताई : अरे बोल ना!

धाकटा : कोरडा. ठणठणीत कोरडा. काडी घातली तर भुगा पडतोय. खोटं कशाला बोलू, ओला निघावा असंच वाटत होतं मला. म्हणजे तुला घेऊन गेलो असतो. पण कोरडा आहे.

ताई : कधी गेलास नळ काढायला?

भाऊजी : दोन महिन्यांपूर्वी तू दिवसभर याच्याकडे गेली होतीस, त्या शनिवारी. बॅरल जोडायला एक मिनिट लागतं. मी तीनदा बॅरलचं कपाट उघडलं.

ताई : मोरीत ओतून टाकायची होतीस सगळी.

भाऊजी : वास आला असता. वासापुढे माझं काही चालत नाही. म्हटलं, नळच काढून फेकावा. तर तो जास्तच आवळला. मग घाबरलो. घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या काकूंना दिली. म्हटलं, मी मागितली तरी देऊ नका.

ताई : म्हणजे जिन्यात बसला होतास तो... किल्ली हरवली म्हणालास मला!

भाऊजी : हो.

ताई : चारचौघांत केवढी बोलले मी तुला. वेंधळा काय, बावळट काय.

भाऊजी : मला बरं वाटत होतं. तू आली होतीस ना.

ताई : तेव्हाच का नाही सांगितलंस?

भाऊजी : मी किती जवळ जाऊन आलो, ते कळलं असतं तुला.

ताई : आणि दोन महिने मी डोकं खातेय, नवी किल्ली करून घे म्हणून. रोज माझ्याआधी येतोस आणि जिन्यात बसून राहतोस.

भाऊजी : एकट्याने आत जायची हिंमत होत नाही.

धाकटा : मी... मी बॅरल गाडीत ठेवून येतो. तुम्ही नका उचलू लागू, भाऊजी. वास येईल तुम्हाला. मी नेतो एकटा.

ताई : जाता जाता ती बॅग आतल्या खोलीत ठेव.

धाकटा : ठेवतो.

भाऊजी : बॅरल गेलं म्हणजे... काकूंकडून घेऊन येऊ का किल्ली?

ताई : तू बस. मी आणते.