रिकामी टाकी आणि उजवी लेन

जिग्रिड : …मग गावातल्या पंपावर का नाही थांबलास? दिवा तेव्हाच लागला होता.

फोल्कर : इकडे जर्मनीत भरतं कोण? आख्खं गाव सीमा ओलांडून लक्झेंबर्गमध्ये टाकी भरतं.

जिग्रिड : आज तरी स्वस्त-महाग बघायचं नाही ना. स्वेन्याच्या कळा सुरू झाल्यात, जावई परदेशात अडकलाय. माझी पोर त्या हॉस्पिटलात एकटी आहे.

फोल्कर : म्हणून तर दाबतोय. एकशे साठ.

जिग्रिड : आणि पडद्यावर काय लिहिलंय? पेट्रोल पुरेल एकोणतीस किलोमीटर. पलीकडचा पहिला पंप किती लांब?

फोल्कर : चौतीस.

जिग्रिड : झालं. बसा आता हायवेवर. वर पोलीस दंड लावतील, टाकी रिकामी ठेवली म्हणून.

फोल्कर : मागे वळायचं तरी तेवढंच अंतर. थांब, पाय उचलतो. ऐंशीवर आणतो. जोरात गेलं की सगळं पेट्रोल वारा कापण्यातच जातं. तू एसी बंद कर. काच नको उघडूस.

जिग्रिड : उकडतंय रे.

फोल्कर : उकडू दे. पडदा बघ.

जिग्रिड : तीस. अरे, एकतीस झाले. फोल्कर, वाढतायत.

फोल्कर : वाढणारच. ब्रेकला हात… पाय लावायचा नाही आता. पुढे उतार आहे, नदीपर्यंत.

जिग्रिड : चौतीस. छत्तीस! आणि पंप?

फोल्कर : सव्वीसवर. पोचतो गं, पोचतो आपण.

जिग्रिड : बाजूने कोण चाललंय बघ.

फोल्कर : नाही बघणार.

जिग्रिड : डच लोकांची कॅराव्हॅन, गाडीमागे आख्खं घर जोडलंय. मागे सायकली बांधल्यात. आजीबाई हात करतायत तुला.

फोल्कर : चाळीस वर्षं डाव्या, जोरात जायच्या लेनमध्ये काढली मी. गावात बोललीस तर बघ.

जिग्रिड : आधी पोचू तर दे. फोन आला, स्वेन्याचा. स्पीकरवर घेते. बोल गं राणी.

स्वेन्या : ममा, कुठे आहात? पप्पा किती वेगात आहेत?

जिग्रिड : ऐंशी.

स्वेन्या : खरं सांग.

जिग्रिड : शप्पथ. आत्ता एक कॅराव्हॅन पुढे गेली.

स्वेन्या : …ममा, पहाटेपासून मला कळांचं काही वाटत नव्हतं. तुम्ही रस्त्यावर आहात याचीच धास्ती होती. दुपार होईल म्हणाली नर्स. सावकाश या.

फोल्कर : धास्ती कसली? लहानपणी तर माझ्या गाडीत मागे गाढ झोपायचीस तू.

स्वेन्या : झोपायचे कुठली, पप्पा. डोळे गच्च मिटून घ्यायचे. आई गं… ठेवते, आली परत.

(मग पंप येतो. फोल्कर उतरतो, टाकी भरतो, परत येऊन बसतो.)

जिग्रिड : भरली?

फोल्कर : काठोकाठ.

जिग्रिड : मग चल, दाब आता. माझा जीव टांगणीला लागलाय.

फोल्कर : पट्टा लाव.

जिग्रिड : लावला. अरे, रस्ता मोकळा आहे. उजवीकडे, हळू गाड्यांच्या लेनमध्ये काय घेतोस?

फोल्कर : तिला ऐंशी सांगितलंय आपण.