फ्लेक्सवरची प्रज्ञा

जय भीम, सलाम, नमस्कार. विहारात जमलेल्या आया-बहिणींनो, गोरेगावच्या भावांनो, आणि पुढं बसलेली प्रज्ञाची माय.

मी नसीम. बस स्टँडपाशी माझं कटलरीचं दुकान आहे. दुकानात माझं तोंड बंद राहत न्हाई, तुमाला सगळ्याला माहीत आहे. आज माईक हातात घेतला आहे, तर इथंबी बोलणार. तापाचं निमित्त झालं अन् एवढी तरणी पोरगी गेली. असं असतं का कुठं?

प्रज्ञा चित्रकलेचं शिकून गावात आली, तव्हा लोक म्हणले, आता ही दुकानाच्या पाट्या रंगवणार. तिनं काय केलं? माझ्याकडून गुलाबी क्लिपा नेल्या. सशाच्या कानाचे हेअरबँड नेले. बाहुल्या नेल्या. अन् याच विहाराच्या बाजूच्या खोलीत वरपासून खालपर्यंत टांगल्या. ती त्याला मांडणी म्हणायची. मी म्हणायची, माझं दुकानच उचलून नेलं या बाईनं.

डोळे बशीएवढे अन् तोंडच न्हाई, अशा त्या बाहुल्या. मी इचारलं, "बाई, या बाहुल्यायला तोंड काहून न्हाई?"

म्हणली, "आपा, जे गोड दिसतं त्यानं बोलू न्हाई, असंच लोकाला पायजे."

खोलीत मधोमध एक मोबाइल लावला होता. त्याच्यापुढं उभं राहिलं की तोंड गोरं, डोळे मोठे, गाल गुलाबी. अन् बाजूला साधा आरसा. तुमी सगळे आलते. मीबी आलते. खरं सांगा, आरशात कोणी पाहिलं? सगळी गर्दी मोबाइलपुढं. सेल्फी काढले, क्यूट क्यूट म्हणले, गेले.

शेजारच्या साखरा गावची एक लहान पोरगी मात्र मोबाइलपुढून आरशापुढं गेली अन् रडाय लागली. मला वाटलं, भूक लागली असंल. प्रज्ञा म्हणली, "न्हाई आपा. लेकरू सोताच्याच तोंडाला भिऊन राहिलं."

मग तिनं त्या पोरीला आपला डावा गाल दाखवला. गालावरचा तो काळा डाग. म्हणली, "हे पाय, मोबाइल माझा डाग खातो. पण मी त्याला देत असते का?" पोरीनं डागाला बोट लावून पाहिलं, तव्हा कुठं हसली.

आता माझ्या मागं पाहा. हा फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. हार घातलेली ही गोरीपान पोरगी कोण आहे? मी सकाळपासून पाहून राहिले. डाग कुठं आहे?

सुमेध, बाळा, मी तुझ्यावर रागावले न्हाई. रागावले, खोटं काहून बोलू. तू म्हणलास, "आपा, फ्लेक्सवाल्यानं आपोआप साफ केला. चांगली दिसून राहिली ना ताई?" बहीण चांगली दिसावी, एवढंच तुझ्या मनात होतं, मला कळतं. पण ती ज्याच्याशी भांडली, तेच आपण तिच्या तोंडाला फासलं. अन् कव्हा? ती बोलू शकत न्हाई तव्हा. आपण तिचीच बाहुली केली. हे मला सोसून न्हाई राहिलं.

माय नेहमी म्हणायची, "लोक लेकराला नजर लागू नये म्हणून तीट लावतात. माझं लेकरू तीट लावूनच आलं." मघाशी तीच माय फ्लेक्सपाशी गेली, गालावर बोट फिरवत राहिली. अन् हळूच म्हणली, "हे माझं न्हाई."

लोकहो, आता मौन पाळायचं आहे. पण कोणासाठी? या फ्लेक्सवरच्या पोरीला मी वळखत न्हाई. तिच्यासाठी मी उभी राहणार न्हाई.

माय, ऊठ. सुमेध, मायला हात दे. ही घे, दुकानातून काजळाची डबी आणली आहे. डाव्या गालाला, माय. जरा खाली. हां, तिथंच.

आली आपली प्रज्ञा. आता सगळे उभे राहा.