पाण्यामागं निघालेलं इंजिन

सौर पंपांच्या आराखड्यात माझी कशी तंतरली होती, ते सांगतो. उजनीकाठच्या गावांतली डिझेल इंजिनं काढून सरकारी खर्चानं सौर पंप बसवायचे होते, आणि आराखडा मी केलेला. दुपारी सोलापुरात मंजुरीची बैठक. सकाळी सहज काठावर गेलो, तर एक म्हातारे शेतकरी इंजिन ट्रॅक्टरला बांधत होते.

"काका, इंजिन कुठं निघालं?"

"पाणी मागं सरलं की. दर पंधरा दिसाला न्यावंच लागतंय."

पाहणी मी धरण भरलेलं असताना केली होती आणि आराखड्यात प्रत्येक पंप काठावर सिमेंटच्या चौथऱ्यात रोवला होता. तेही त्यांना सांगून बसलो.

"मग तुमचा पंप चौथऱ्यासकट चालत येतोय व्हय?" काका म्हणाले.

बैठकीत साहेबांनी नकाशा पसरला. "झकास! काम पक्कं दिसतंय." त्यांनी सहीला पेन उघडलं.

"साहेब, उन्हाळ्यात पाणी मागं जातं."

"जाऊन जाऊन कुठं जाईल?" साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "हितपर्यंत?"

मी त्यांचं बोट हळूच सरकवत नेलं. नकाशा संपला आणि बोट टेबलावर आलं.

"साधारण हितं, साहेब."