आजोबांची प्रगती

उभा जन्म छापील अक्षरांत घालवलेल्या ग्रंथपालबाईंच्या डोळ्यांत औषध घातलेले होते. दवाखान्याच्या बाकावर त्यांच्यापाशी आता कान तेवढे शाबूत उरले होते. शेजारी एक नात आपल्या आजोबांना फैलावर घेत होती.

"आजोबा, त्या कोर्सवाल्यांनी परत नापास केलं मला! सोमवारपर्यंत इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र पोचलं नाही, तर परदेशातली ती शाळा नोकरीवर दुसऱ्या कुणाला तरी घेईल."

"आता काय म्हणणं आहे त्यांचं?"

"इंग्रजी शिकवतानाचा चाळीस मिनिटांचा नवा व्हिडिओ हवाय त्यांना. पहिल्यात तुम्ही विद्यार्थी असून माझ्यापेक्षा चांगलं बोललात."

"छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं गं, जीभ आपसूक वळते."

"म्हणून दुसऱ्या वेळी अडाणी व्हा म्हटलं, तर असे ठोंब्यासारखे बसलात की परीक्षकांनी लिहिलं, 'विद्यार्थ्यात काडीची प्रगती नाही.'"

"सांगितल्याबरहुकूम केलं. तुझी आजी तर म्हणाली, सोंग झकास वठलंय."

"आज मधला मार्ग धरा. सुरुवातीला काही येत नाही आणि चाळीस मिनिटांत फाडफाड बोलायचं."

"छत्तीस वर्षांत एकाही पोराकडून मला हे करून घेता आलं नाही!"

"तुमच्या वेळी ऑनलाइन कुठे होतं? एकशेवीस तासांचा कोर्स मी दोन दिवसांत उरकला."

"दोन दिवसांत एकशेवीस तास?"

"व्हिडिओ पळवून बघता येतात, आजोबा."

"बरं बाई, तुझ्यासाठी सुधारतो. पण तेवढ्या वेळात तू मला शिकवणार काय?"

"ते अजून ठरवलं नाही. तुम्ही सुधारायला तर लागा!"